चूक टांकसाळीची की मार रस्त्यातला?

घरातल्या सुट्ट्या पैशांचा डबा एकदा चटईवर पालथा करा आणि प्रत्येक नाणं उलटसुलट करून बघा. एखादं तरी विचित्र निघतंच. कुणाचा काठ चेपलेला, कुणावर लांबलचक रेघ, कुणाच्या सिंहाचं तोंडच गायब, तर कुणाचा रंग बदललेला. तेवढ्यात घरातलं कुणीतरी डोकावतं आणि म्हणतं, "अगं, हे एरर कॉइन दिसतंय! मोबाइलवर दाखवत होते. असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे."

लाखांचं नंतर बघू. आधी त्या नाण्याची नीट उलटतपासणी करू.

विचित्र नाणी दोन जातींची असतात. काही जन्मतःच विचित्र. टांकसाळीत घडतानाच काहीतरी बिनसलं आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून ती निसटली. बाकीची जन्मली धडधाकट, पण पुढे त्यांचे हाल झाले. कुणी टेम्पोच्या चाकाखाली गेलं, कुणी फरशीवर घासलं गेलं, तर कुणाला हौशी माणसानं कानशीच लावली. नाणी जमवणारे लोक शोधतात ती पहिली जात. दुसऱ्या जातीच्या नाण्याची किंमत त्याच्यावर छापलेली असते तेवढीच.

दोन्ही जाती वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: हे टांकसाळीत नेमकं कोणत्या यंत्रापाशी घडलं असेल? पटण्यासारखं उत्तर सापडलं, तर नाणं जपून ठेवा. नाहीच सापडलं, तर खुशाल त्याचं चॉकलेट आणा.

पण प्रश्न विचारायचा, तर टांकसाळीत काय काय होतं ते माहीत हवं.

चकती, काठ आणि दणका

भारत सरकारच्या टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात आहे आणि तिथल्या रस्त्याचं नावच मिंट रोड. नाणं कोणत्या टांकसाळीत घडलं तेही ओळखता येतं. नाण्यावरच्या वर्षाखाली बघा. छोटा चौकट आकार, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. काहीच खूण नसेल तर कोलकाता.

नाणं घडतं तीन मोठ्या टप्प्यांत.

पहिल्या टप्प्यात धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. या चकत्या अगदी कोऱ्या असतात.

दुसऱ्या टप्प्यात चकती एका खोबणीतून दाबत, गरागरा फिरवत नेतात. त्यामुळे तिचा काठ सगळीकडून थोडा वर उचलला जातो. नाण्याच्या कडेनं जी उंच किनार लागते, तिची सुरुवात इथे होते.

तिसरा टप्पा सगळ्यात झकास. चकती एका पोलादी रिंगमध्ये बसते. तिच्या खाली एक ठसा आणि वर एक ठसा. वरचा ठसा कित्येक टनांच्या जोरानं खाली येतो. क्षणभर धातूला पळायला कुठेच वाट नसते, कारण वरखाली ठसे आणि भोवती रिंग. मग तो ठशांवरच्या खोदकामात शिरतो. एकाच दणक्यात छापा, काटा आणि काठ तिन्ही तयार! आधुनिक यंत्रं मिनिटाला सहाशे-सातशे नाणी घडवतात. एवढ्या घाईत कधीतरी काहीतरी चुकणारच.

ठशाची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे सारखी लागणार आहे. ठशावर सगळं उलटं आणि खोल असतं, म्हणून नाण्यावर ते सुलटं आणि उंच येतं. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच.

चला, आता एकेक संशयित समोर आणू.

घास घेतलेलं नाणं

एका नाण्याच्या काठाचा अर्धगोल तुकडाच नाही. जणू कुणी दातांनी घास घेतलाय. असं टांकसाळीत होऊ शकतं का?

होऊ शकतं. आई वाटीनं पुऱ्या कापते तेव्हा बघा. मोठी पोळी लाटायची आणि वाटी दाबत पुढे पुढे जायचं. वाटी चुकून आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुढची पुरी पूर्ण गोल येत नाही. एका बाजूला तिला अर्धगोल खाच पडते. धातूची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकतीचं नेमकं हेच होतं.

म्हणजे पहिल्या यंत्रापाशी उत्तर सापडलं. पण थांबा, असा घास कानशीनंही घेता येतो! मग खरा कुठला आणि खोटा कुठला?

यासाठी घासाकडे बघायचंच नाही. बघायचं त्याच्या बरोबर समोरच्या काठाकडे. दुसरा टप्पा आठवतोय ना, काठ उचलणारा? चकती तिथे दोन्ही बाजूंनी दाबली जाते. ज्या क्षणी घासाची जागा एका बाजूला येते, त्या क्षणी तिथे दाबायला धातूच नसतो. एका बाजूनं दाब नाही, म्हणून समोरच्या बाजूवरही दाब बसत नाही आणि तिथला काठ नीट उचलला जात नाही. त्यामुळे खऱ्या घासाच्या बरोबर समोर नाण्याची किनार बहुतेक वेळा फिकी, पुसट किंवा अर्धवट दिसते. नाणेतज्ज्ञ या खुणेला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात.

कानस लावणाऱ्याला हे जमत नाही. त्याच्या हाती नाणं येतं तेव्हा किनार चहूबाजूंनी पक्की झालेली असते. शिवाय खऱ्या घासाजवळची अक्षरं थोडी ताणलेली, घासाकडे ओघळल्यासारखी दिसतात. मोकळी जागा मिळाली की दाबलेला धातू तिकडे सरकतो. कापलेल्या नाण्यावर अक्षरं कडेपर्यंत ठसठशीत असतात आणि एकदम तुटतात.

उंच रेघ, खोल रेघ

आता रेघवालं नाणं घ्या. भिंगातून बघा आणि नखानंही तपासा. रेघ उंच आहे की खोल?

रेघ उंच असेल तर कान टवकारा. नुसतं ओरखडून धातूची उंच रेघ उगवत नाही. ठसे पोलादाचे असले तरी लाखो दणके खाऊन त्यांना बारीक तडे जातात. ठशातला तडा खोल, म्हणून नाण्यावरची रेघ उंच. ती काठापासून निघून नागमोडी वळणं घेत सिंहापर्यंत किंवा अक्षरांपर्यंत जाते.

कधी कधी तडा वाढत जाऊन ठशाचा कडेचा टवकाच उडतो. मग नाण्यावर त्या जागी नुसता धातूचा फुगीर गोळा दिसतो, नक्षी वगैरे काही नाही. इथेही समोरची बाजू साक्ष देते. गोळा भरायला धातू जास्त लागला, म्हणून नाणं उलटवल्यावर त्याच जागेवरचं चित्र फिकं आलेलं असतं.

रेघ खोल असेल, तर बहुतेक वेळा तो ओरखडा. भिंगातून ओरखड्याच्या कडा बघा. खिळ्यानं ओरखडताना धातू नाहीसा होत नाही. तो बाजूला ढकलला जातो आणि चरीच्या कडेला त्याचा बारीक बांध उभा राहतो. असा बांध दिसला की नाण्याला बाहेर मार बसलाय असं समजा. टांकसाळीतल्या दणक्यात वरून ठसा असतो, तिथे असला सुटा बांध टिकेल कसा?

मग अक्षर गायब झालेल्या नाण्याचं काय? 'भारत'मधला 'र' दिसतच नाही! यंत्राचं वंगण आणि धातूचा बारीक चुरा ठशातल्या एखाद्या अक्षरात साचून बसतो. खोदकाम बुजलं की धातूला आत शिरायला जागा नाही, आणि ते अक्षर पुसट येतं किंवा येतच नाही. पण त्या जागी पृष्ठभाग भोवतालसारखाच सपाट आणि गुळगुळीत असतो. कुणी अक्षर खरवडून काढलं असेल, तर तिथे बारीक रेघोट्या आणि किंचित खळगा सापडतो.

आणि वापरून झिजलेलं नाणं? झिजेची सुरुवात सगळ्यात उंच भागापासून होते, मग तो कुठेही असो. सिंहाची छाती, आकड्याचा माथा, किनार हे सगळं एकदमच गुळगुळीत व्हायला लागतं. एकच अक्षर निवडून झीज कधी होत नाही.

रुळावरचं नाणं

आता एक नाणं नेहमीपेक्षा मोठं आणि पसरट. टांकसाळीत पोलादी रिंग कधी कधी अडकते आणि चकतीभोवती वर येतच नाही. दणका बसला की धातू मोकळाच, म्हणून तो चहूकडे पसरतो. पण हे पसरणं होतं चित्राच्या बाहेर. मधला आकडा, सिंह, अक्षरं आपल्या नेहमीच्या मापाचीच राहतात, कारण ठसा तोच आहे. फक्त भोवती कोरा, पातळ पट्टा वाढतो. काठावर खाचा असणारं नाणं असेल तर खाचाही नसतात, कारण काठावरच्या खाचा रिंगच पाडते.

रेल्वेच्या चाकाखाली चिरडलेलं नाणंही मोठं दिसतं. पण तिथे चित्र आधीच छापलेलं होतं, त्यामुळे तेसुद्धा धातूबरोबर ताणलं जातं. सिंह आडवे, अक्षरं लांबट आणि नाणं गोल न राहता लंबगोल.

रुळावर नाणं ठेवलं की त्याचं चुंबक होतं, अशी एक जुनी दंतकथा मुलांमध्ये फिरते. तसं काही होत नाही, नाणं नुसतं चपटं होतं. ते तपासायला मात्र मुळीच जाऊ नका. रुळांवर जाणं जिवावर बेतू शकतं आणि तो गुन्हाही आहे.

दणक्याच्या यंत्रापाशी घडणारी आणखी एक चूक ऐका. चकती ठशांच्या मधोमध न बसता एका बाजूला कलली, तर अर्धं चित्र चकतीवर आणि अर्धं बाहेर! मग नाण्यावर एकीकडे कोरी चंद्रकोर उरते. या कोऱ्या भागावर उलटी बाजूही कोरीच हवी, कारण दोन्ही ठसे एकाच वेळी चुकले. एका बाजूला कोरं आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी सगळं चित्र शाबूत असेल, तर एक बाजू घासली आहे का ते आधी बघा.

आरशातली अक्षरं

कधी एखाद्या नाण्यावर अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उलटी आणि खोल दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तर अंगावर काटाच येतो!

टांकसाळीत हे असं घडतं. नुकतंच छापलेलं नाणं बाहेर न पडता वरच्या ठशालाच चिकटून बसतं. खाली पुढची कोरी चकती येते आणि दणका बसतो. आता तिच्यावर ठशाऐवजी चिकटलेलं नाणं आदळतं. नाण्यावरचं उंच आणि सुलटं चित्र चकतीत रुतून खोल आणि उलटं होतं.

पण खोडसाळ माणूस काय करतो? दोन नाणी एकमेकांवर ठेवतो आणि लोहाराच्या शेगड्यात आवळतो किंवा हातोडीनं ठोकतो. तरीही उलटी, खोल अक्षरं उमटतातच.

इथे तुमच्या डोक्याची परीक्षा. खऱ्या नाण्याची ती चकती दणक्याआधी कोरी होती, आणि ठसा तर चिकटलेल्या नाण्यानं झाकला होता. म्हणून त्या बाजूला स्वतःचं सुलटं चित्र नसतंच. शेगड्यातल्या नाण्यावर मात्र आधीचं सुलटं चित्र चेपलेल्या अवस्थेत खाली दिसतं आणि त्याच्यावर उलट्या अक्षरांचे वळ. दोन्हीची सरमिसळ! वर मागची बाजूही शेगड्याच्या जबड्यानं सपाट झालेली असते.

दहाच्या नाण्याचं गुपित

दहा रुपयांच्या नाण्यात दोन भाग असतात, बाहेरची पिवळसर कडी आणि मधला पांढरट गाभा. दणक्याआधी हे दोन्ही भाग कोरे आणि सुटे असतात. गाभा कडीत ठेवतात आणि एकाच दणक्यात दोन्हींवर चित्र उमटतं. त्याच जोरानं गाभा पसरून कडीत घट्ट बसतो.

आता समजा, एका नाण्यावर मधले सिंह तिरके झालेत आणि कडीवरचं 'भारत' मात्र सरळ आहे. टांकसाळीची चूक? विचार करा. चित्र उमटायच्या आधी कोरा गाभा कसाही फिरवून ठेवला, तरी काय फरक पडतो? कोऱ्या चकतीला वर-खाली असतं का? सिंह आणि 'भारत' एकाच ठशातून आले, म्हणजे ते एकमेकांच्या रेषेतच हवेत. गाभा तिरका झालाय तो छापल्यानंतर. कुणीतरी तो ठोकून बाहेर काढला आणि परत बसवला. गाभा उलटा बसवून 'सिंह चुकीच्या बाजूला आले' असं सांगणारेही असतात. त्यांनाही हेच उत्तर.

खरी चूक याच्या अगदी उलट दिसते. कडीचं भोक मधोमध न पडता बाजूला सरकून पडलं, तर चित्र जागच्या जागी सरळ असतं, पण दोन रंगांमधलं वर्तुळ एका बाजूला सरकलेलं दिसतं. चित्र स्थिर आणि वर्तुळ सरकलेलं, तर टांकसाळ. वर्तुळ स्थिर आणि चित्र फिरलेलं, तर हातोडी.

कॅन्टीनमधला सेंट

आता थोडं अमेरिकेत जाऊ. १९४३ साल, दुसरं महायुद्ध जोरात. बंदुकीच्या गोळ्यांची कवचं बनवायला तांबं हवं होतं, म्हणून त्या वर्षी अमेरिकेनं एक सेंटचं नाणं तांब्याच्या मिश्रधातूऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. अशी शंभर कोटींहून जास्त पांढुरकी नाणी निघाली.

१९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या कॅन्टीनमध्ये सुटे पैसे परत मिळाले. त्यात १९४३ सालचा एक सेंट होता, पण तांबूस! त्या वेळी अशी वावडी होती की, असा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्याला फोर्ड कंपनी नवी कोरी मोटार देते. त्यानं विचारून पाहिलं. कंपनीनं सांगितलं, असलं काही नाही. सरकारी खात्यानंही कळवलं की, १९४३ चे सगळे सेंट पोलादाचेच आहेत. मुलानं तरीही नाणं जपून ठेवलं. २०१९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, नाण्याचा लिलाव झाला आणि किंमत आली २,०४,००० डॉलर. नाणं अस्सल होतं! १९४२ च्या काही तांबूस चकत्या पेटीच्या सांदीत अडकून राहिल्या आणि नव्या वर्षाच्या ठशांखाली गेल्या, असं मानतात.

मग काय, पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारे पुढे सरसावले. त्यांना पकडायला दोन साधी हत्यारं पुरतात. पहिलं लोहचुंबक. पोलादी सेंट चुंबकाला चटकन चिकटतो, तांबूस अस्सल सेंट चिकटत नाही. दुसरं वजनकाटा. पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅमचा, तांबूस ३.११ ग्रॅमचा.

काही महाभाग आणखी चलाख. त्यांनी तांब्याचं १९४८ चं नाणं घेतलं आणि ८ चा डावा भाग खरवडून ३ केला. चुंबकही फसलं, काटाही फसला. पण १९४३ च्या खऱ्या ३ ची शेपटी इतर आकड्यांच्या खाली लांब उतरते. खरवडलेल्या ८ ला तशी शेपटी कुठून येणार? म्हणून संशयित नाण्याशेजारी नेहमी त्याच जातीचं एक साधं नाणं ठेवून तुलना करायची.

अमेरिकेतच आणखी एक प्रसिद्ध चूक आहे. १९३७ मध्ये डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटच्या नाण्याचा एक ठसा खराब झाला. तो साफ करायला कुणीतरी तो जरा जास्तच घासला. ठशाचा पृष्ठभाग खाली गेला आणि उथळ खोदकाम पुसलं गेलं. त्यात नाण्यावरच्या बायसनचा पुढचा एक पायच गेला. हे तीन पायांचं बायसन महाग, म्हणून साध्या नाण्यावरचा पाय खरवडणारेही निघाले. पण अस्सल नाण्यावर बायसनच्या पोटाखाली बारीक उंच ठिपक्यांची ओळ असते. पाय खरवडता येतो, पण ठशानं दिलेले उंच ठिपके आणायचे कुठून?

जय-वीरूचं नाणं

'शोले' सिनेमातलं जयचं नाणं आठवतंय? दोन्ही बाजूंना छापाच! असं नाणं टांकसाळीतून निघणं जवळजवळ अशक्य. जादूगार ते बनवून घेतात. एक नाणं आतून कोरायचं, दुसरं तासून पातळ करायचं आणि त्यात बसवायचं. किनारीच्या आतल्या बाजूनं भिंग फिरवलं, तर बारीक सांध सापडते. दोन तुकड्यांचं नाणं फरशीवर टाकलं तर खणखणत नाही, बद्द वाजतं.

याउलट एक चूक अशी आहे की, दोन नाणी जोडल्याशिवाय ती बाहेर कुणाला करताच येत नाही. भारतीय नाणं सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटवा. मागचं चित्रही सरळच दिसायला हवं. ते तिरकं किंवा डोक्यावर उभं दिसलं, तर एक ठसा यंत्रात फिरून बसला होता. घासून, ठोकून, तापवून छापा-काट्याचं हे नातं बदलत नाही. आधी सांध आहे का ते तेवढं बघून घ्या. अमेरिकेच्या नाण्यांची रीत मात्र वेगळी आहे. तिथे मागची बाजू खाली डोकं वर पाय अशीच असते, तेव्हा परदेशी नाण्याला ही परीक्षा लावताना फसू नका.

वेगळं म्हणजे चुकीचं नव्हे

काही नाणी वेगळी दिसतात, पण त्यात चूक कसलीच नसते. दहाचं नाणं रुपयाच्या चिन्हाचं आणि बिनचिन्हाचं, दोन्ही प्रकारचं आहे. लोक ते घ्यायला कचरायला लागले, तेव्हा २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की, दहाच्या नाण्याची १४ निरनिराळी रूपं निघाली आहेत आणि ती सगळी चालतात. वर्षाखालची चौकट किंवा चांदणीसुद्धा चूक नव्हे, टांकसाळीची सही आहे.

शिवकालीन शिवराई पाहिली आहे का? तांब्याचं छोटं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण बऱ्याच शिवराई नाण्यांवर एखादं अक्षर अर्धंच असतं किंवा काठाबाहेर गेलेलं असतं. त्या काळी तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून हातोड्यानं ठोकत. भोवती रिंग नाही आणि ठसा बऱ्याचदा तुकड्यापेक्षा मोठा. चित्र सरकणं ही तेव्हाची नेहमीचीच गोष्ट, म्हणून तिला कुणी चूक म्हणत नाही. सगळी नाणी एकसारखी निघायला लागली यंत्रामुळे, आणि तेव्हापासूनच चुकलेलं नाणं उठून दिसायला लागलं.

आणि ते लाखो रुपये? बहुतेक छोट्या चुकांना फारशी किंमत येत नाही. जुनी नाणी लाखांना विकत घेतो असं सांगून आधी 'फी' मागणारे मात्र खूप आहेत. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांना असं लुबाडतात, म्हणून बँकेनं २०२१ मध्ये जाहीर इशाराच दिला होता. कुणी आधी पैसे मागितले, तर नाण्याकडे बघायच्या आधी फोन ठेवून द्यायचा. आणि प्रयोग म्हणून स्वतः नाणी कापू किंवा वितळवू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवायला आणि नष्ट करायला मनाई आहे.

आता तुमची पाळी

भिंग, चुंबक, काटा आणि तुलनेसाठी एक साधं नाणं एवढं जवळ ठेवा. काट्यासाठी ओळखीच्या सराफाकडे गेलात तरी चालेल. २०११ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे. वीस रुपयांचं बारा बाजूंचं नाणं ८.५४ ग्रॅमचं. ही पाच नाणी तपासा, उत्तरं नंतर वाचा.

१. दोन रुपये. काठापासून सिंहापर्यंत बारीक, उंच, नागमोडी रेघ. शेजारी चर नाही.

२. एक रुपया. मधोमध गोल भोक. एका बाजूनं भोकाच्या कडा बाहेर वळलेल्या.

३. पाच रुपये. पानासारखं उलटवलं, तर मागचा आकडा पूर्ण आडवा. सांध कुठेच नाही.

४. पाच रुपयांचं पिवळं नाणं. नदीकाठी सापडलेलं, तांबूस-काळपट आणि अंगभर बारीक खळगे.

५. एक रुपया. काठाला अर्धगोल घास. समोरची किनार ठसठशीत.

उत्तरं: पहिलं टांकसाळीचं, ठशाला तडा गेला होता. दुसऱ्याला बाहेर कुणीतरी भोक पाडलं. कडा वळल्या, कारण धातू ढकलला जाऊन पलीकडे निघाला. तिसरं टांकसाळीचं, ठसा फिरून बसला होता. चौथ्यावर पाण्याचा आणि वाळूचा परिणाम झालाय. पितळी नाणी पाण्यात पडून राहिली की त्यांतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि तांबूस रंग वर येतो. पाचव्यावर दाट संशय घ्या. समोरची किनार फिकी हवी होती. घासाच्या कडेवर भिंग धरा, कानशीच्या समांतर रेघा दिसल्या की आरोप सिद्ध. आणि रेघा नाहीच दिसल्या, तर लगेच निकाल देऊ नका. अक्षरं घासाकडे ओघळली आहेत का, तेवढं बघायचं अजून बाकी आहे.